वर्ग सांभाळण्याबाबत, चि. फैझान यास

७८६
मांडवी, रत्नागिरी
दि. ५ जुलै २००२, शुक्रवार

चि. फैझान यास,

तुझ्या आजाचे सलाम आणि पुष्कळ दुआ.

इकडे आम्ही सगळी ठीक आहोत. तुझ्या आईचा खोकला गेला. माझा गुडघा होता तसाच आहे. होड्या सगळ्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवल्या आहेत, त्यामुळे मला दिवसभर बघायला काही नाही, आणि बघायला काही नसलं की माझं डोकं नको तिथे जातं, हे तुला माहीत आहे. तुमच्या डोंगरात जळवा फार असतात असं ऐकलं. पायांना तंबाखूचं पाणी लावत जा. तुझ्या छत्रीचा दांडा लोखंडी आहे की लाकडी? वीज होते तेव्हा लोखंडी नको.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईने मोठ्याने वाचलं. मग मी स्वतः परत वाचलं, कारण ती वाचताना मधली वाक्यं गिळते. तू लिहिलंस की तिसरी आणि चौथी दोन्ही एका खोलीत, दोन्ही तुझ्याकडे. तिसरीला गणित घालायला फळ्याकडे वळलास की पाठीमागे चौथी उधळते, चौथीकडे वळलास की तिसरी. हेडमास्तरांकडे पहिली-दुसरी आहे, पण ते निम्मे दिवस मीटिंगला चिपळुणात. ओरडून ओरडून तुझा घसा बसला. आणि ती चौथीतली गंगा, जवळजवळ तुझ्या खांद्याला लागते एवढी उंच, धाकट्या भावाला कमरेवर घेऊन येते. तो रडला की सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा. शेवटी लिहिलंस, "मला हे जमत नाही. दिवाळीपर्यंत बघतो आणि राजीनामा देतो."

हे वाचून मला जेवण गेलं नाही. आपल्या घरातला पहिला मास्तर तू. डी.एड.ला तुझा नंबर लागला तेव्हा मी मोहल्ल्यात दारोदार सांगत फिरलो होतो. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढलीस की कायम होशील, आणि तू एका महिन्यात सोडायचं बोलतोस.

मी चौथी अर्ध्यात टाकून होडीवर गेलेला माणूस. वर्ग कसा चालवायचा हे मी तुला काय सांगणार! पण बरीच वर्षं तांडेल होतो. हाताखाली खलाशी असत, त्यातले निम्मे नवे. कुणाला उलट्या होतायत, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाला माझं तोंडच आवडत नाही. त्यावरून सुचतं ते लिहितो. घ्यायचं तर घे.

ओरडू नकोस. वाऱ्यात ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही, घसा तेवढा जातो. मी हात वर करून उभा राहत असे. एक जण बघतो, तो दुसऱ्याला ढोसतो, दुसरा तिसऱ्याला. तू फळ्याशी हात वर करून गप्प उभा राहा. कितीही वेळ लागो, हात खाली घेऊ नकोस.

पोरांची नावं पाठ कर. "ए, मागचा" म्हटलं तर मागचे सगळे पुढे बघतात आणि पुढचे मागे.

आणि जाळं ओढताना निम्मे ओढतात तेव्हा बाकीचे निम्मे मासळी निवडत असतात. तिसरीकडे वळायच्या आधी चौथीच्या हातात काहीतरी काम दे. काम असं दे की ते त्यांना एकट्याने जमलं पाहिजे, नाहीतर दर दोन मिनिटांनी विचारायला येतील. आता हे लिहिताना मला वाटतं, खलाशी मासळी निवडतात कारण त्यात त्यांचा वाटा असतो. गणितात पोरांचा काय वाटा? याचं उत्तर मला सुचलं नाही. तू शिकलेला आहेस, तू बघ.

त्या गंगाचं मात्र मला स्पष्ट दिसतं. होडीवर कुणी तान्हं पोर आणत नाही. तिला सांग, उद्यापासून भावाला आणलंस तर वर्गात घेणार नाही. एकदा कडक हो, बाकीची आपोआप सरळ होतील.

तुझ्या आईने आत्ता डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अब्बा, पत्र लिहिताय की कुराणाचा तर्जुमा? चौथी नापास माणूस मास्तराला शिकवतोय." मी म्हटलं, "नापास नाही. परीक्षेला बसलोच नव्हतो."

तुझा बाप नझीर याचा मस्कतहून फोन होता. खुशाल आहे. तुझ्याबद्दल काही म्हणत होता, ते पत्रात लिहा असं तुझ्या आईने सांगितलं आहे. पण आता कागद संपत आला, ते मागाहून लिहीन.

राजीनाम्याचं कुणापाशी बोलू नकोस. कपडे ओले घालू नकोस.

तुझ्यासाठी रोज दुआ मागणारा,
तुझा आजा

⁂

७८६
मांडवी, रत्नागिरी
दि. २६ जुलै २००२

चि. फैझान यास,

सलाम आणि दुआ. पाऊस इकडे धरून आहे. घरात सगळ्या कपड्यांना वास येतो. तू जिथे राहतोस त्या आप्पांच्या पडवीत कपडे वाळतात का? त्यांच्या चुलीवर दोरी बांधून मिळते का विचार, पण नम्रपणे विचार. आपण त्यांच्या घरी आहोत.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. "आजा, तुमच्या सांगण्याप्रमाणे गंगाला सांगितलं. ती दुसऱ्या दिवसापासून येत नाही. तिच्या मागोमाग आणखी पाच-सहा मुली बंद झाल्या, त्याही भावंडं आणायच्या. आता वर्ग शांत आहे."

ती शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. रागाने लिहिलीस की सरळ लिहिलीस, ते अक्षरावरून कळत नाही. तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "शांत आहे म्हणतोय, म्हणजे बरा चाललाय ना?" तिला बरं वाटलं. मला वाटलं नाही.

मासळी बाजाराच्या बाहेर टाकळ्याची भाजी घेऊन बसते ती काशी डोंगराकडच्या वरच्या गावातली आहे. तिला मी विचारलं, "काशीबाय, या दिवसांत तुमच्याकडे बारकी पोरं कुठे असतात?"

"कुठं म्हंजे? थोरल्या पोरीच्या काखंत."

"आणि थोरली शाळेत गेली तर?"

"तर बारकाबी शाळेत," असं म्हणून ती हसायला लागली. "का ओ, या वयात तुमाला कुणाचा बारका सांभाळायला मिळाला?"

मी म्हटलं, "मास्तर म्हणाला बारक्याला आणू नको, तर?"

"तर मास्तराला म्हणावं, ये चिखलात, तू लावणी कर. मी शिकवते तुजी पोरं."

मी भाजी घेतली आणि घरी आलो. फैझान, आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर असतात आणि माणसं घरात. जुलैत आपल्या मोहल्ल्यात कुठल्याही दारात बघ, आई-बाप-आजी-चुलते सगळे बसलेले, बारक्याला घ्यायला दहा हात. मी आयुष्यभर तेच बघितलं. तुमच्या डोंगरात जुलैत घरी कुणीच नसतं, सगळी शेतात वाकलेली, हे मला कळायला हवं होतं आणि कळलं नाही. मी किनाऱ्यावर बसून डोंगरातल्या पोरीला घरी बसवलं.

तर आता असं कर. गंगाच्या घरी जा. आई-बापाला शाळेत बोलावू नकोस, त्यांना वेळ नाही आणि शाळेत आलं की त्यांना आपणच नापास झाल्यासारखं वाटतं. तू शेतावर जा. बांधावर उभा राहा. आधी लावणीचं विचार, मग मुलीचं. चुकलो म्हण. नाही, चुकलो म्हणू नकोस, लोक उद्यापासून मास्तराला मोजणार नाहीत. पण मग तुला तिथे जायचं कारण तरी काय? म्हणजे म्हणावंच लागेल. असं सांग की घरी एक म्हातारा आहे, त्याचं ऐकलं. सगळं माझ्यावर घाल. माझी तिथे कुणाशी ओळख नाही, माझं काही बिघडत नाही.

पण मुली आल्या की बारकी येणार, आणि बारकी आली की वर्ग पुन्हा पहिल्यासारखा. मग काय करायचं? होडीवर एक भंडारी असतो, सगळ्यांचं जेवण तो एकटा करतो, म्हणून बाकीच्यांचे हात मोकळे राहतात. तसं एका मुलीने एक दिवस सगळी बारकी सांभाळायची, दुसऱ्या दिवशी दुसरीने. हे लिहून मला बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं, त्या दिवशी त्या मुलीचं शिकणं बुडालं. म्हणजे हेही चुकलं. हे तू करू नकोस. किंवा करून बघ. मला कळत नाही.

एक गोष्ट मला पक्की वाटते, आणि ती मी मागच्या पत्रात लिहायला पाहिजे होती. जे करणं आपल्याला शक्य नाही ते पोरांना "करीन" म्हणून दाखवू नये. वर्गात घेणार नाही म्हणालास आणि उद्या घेतलंस, तर परवापासून तुझ्या शब्दाला किंमत नाही. पण मी तुला तेच करायला सांगतोय. म्हणजे ही गोष्टही पक्की राहिली नाही.

हात वर करून उभं राहायचं सांगितलं होतं, त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. हात दुखला का?

राजीनाम्याबद्दलही काही लिहिलं नाहीस. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

नझीरचे या महिन्यात तीन फोन झाले. तुझी खूप चौकशी करतो. मस्कतला उन्हाळा फार आहे म्हणतो. तुझी आई रोज विचारते, "अब्बा, लिहिलात काय ता?" आज मी म्हटलं, हो, लिहिलं. ती म्हणाली, "वाचा बघू." मग मी हाच कागद समोर धरून वाचलं, पण जे वाचलं ते या कागदावर नाही. काय वाचलं ते आत्ता विचारू नकोस. तुझं मन आधीच त्या मुलींमध्ये आहे, त्यात आणखी नको.

शेतावर जाताना चपला हातात घे, चिखलात अडकतात. साप बघून चाल.

तुझा, तुला भलतं सांगून बसलेला,
आजा

⁂

७८६
मांडवी, रत्नागिरी
दि. १७ ऑगस्ट २००२, शनिवार

चि. फैझान यास,

सलाम आणि दुआ. हे पत्र एकट्याने वाच. आप्पांच्या पडवीत वाचू नकोस.

गुडघा बरा आहे. पाऊस थोडा उघडला आहे. होड्यांना रंग लावायचं काम सुरू झालं, मी खुर्ची टाकून बघत बसतो आणि चुका काढतो, मग मला चहा देऊन घरी पाठवतात. तुझ्या शाळेत पंधरा ऑगस्ट कसा झाला? झेंडा ओला नव्हता ना? तुमचं खाऊवाटप वगैरे नीट झालं असेल. तुझं पत्र आलं नाही. येईल. पाऊस आहे, टपाल अडकतं.

मी मागच्या मंगळवारी चिपळूणला डोळे दाखवायला गेलो होतो. तुझ्या आईने डबा दिला. सकाळच्या गाडीने गेलो. गाडीत खिडकी बंद होत नव्हती, एक बाजू भिजली.

डोळे दाखवले नाहीत. चिपळूणला उतरून पोफळीच्या गाडीत बसलो. तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीच्या फाटकाशी उतरलो आणि वर चालत आलो.

फैझान, मी तुझ्या शाळेपर्यंत आलो होतो.

आता सगळं लिहितो, कारण यापुढे न लिहून चालणार नाही. नझीर ज्या दुकानात आहे, मस्कतला, तिथे एक जागा झाली आहे. मोठं दुकान आहे, थंडगार, काउंटरवर बसायचं काम. मालक नझीरला मानतो, म्हणून त्याने तुझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. जुलैच्या पहिल्या फोनला नझीरने हे सांगितलं. तू राजीनाम्याचं लिहिलंस हे तुझ्या आईने त्याला कळवलं होतं, म्हणूनच त्याने खटपट केली. तुझी आई म्हणाली, "अब्बा, तुमचा शब्द तो ऐकतो. तुम्ही लिहा." मी दोन पत्रं लिहिली आणि त्यात हे घातलं नाही. आधी वाटलं, आज नको, आज त्याचा घसा बसलाय. मग वाटलं, आज नको, आज मुली गेल्यात. मला तू जावंसं वाटतं की राहावंसं वाटतं, हेच मला ठरवता येत नव्हतं. कागदावर ते उतरेना, म्हणून ठरवलं की तोंडाने सांगू.

वर चढताना मला दोनदा बसावं लागलं. वाटेत एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. तिला विचारलं, "शाळा कुठल्या बाजूला?"

ती म्हणाली, "नव्या मास्तराची ना? आवाज येतोय तिकडं जा."

खरंच आवाज येत होता. मला वाटलं सुट्टी असेल. मागच्या बाजूने आलो, तिथे कौलांची पागोळी पडते ती खिडकी आहे ना, तिच्याशी भिंतीला टेकून उभा राहिलो. म्हटलं, जरा शांत झालं की आत जाऊ.

आत काय चाललं होतं ते मी सांगतो, मग तू मला सांग ते काय होतं. कोपऱ्यात गोणपाट घातलं होतं, त्यावर चार-पाच बारकी, पुढ्यात करवंट्या. एक तान्हं आढ्याला बांधलेल्या झोळीत. झोळीची दोरी एका मुलाच्या पायाच्या अंगठ्याला, आणि तो मुलगा वही मांडीवर घेऊन लिहीत होता. अंगठा हलत होता, हात लिहीत होता. जमिनीवर दोघं-दोघं मुलं चिंचोके मांडून बसलेली, एक मोठं, एक लहान. मोठं लहानाला सांगत होतं आणि लहान ऐकत नव्हतं, आणि मोठ्याने डोक्याला हात लावला होता, अगदी तुझ्यासारखा. सगळी एकदम बोलत होती. फळ्याशी तू नव्हतास. फळ्याशी एक उंच मुलगी, भाऊ कमरेवर, हातात खडू. तीच गंगा असणार. ती कुणाला तरी दरडावत होती, "भागाकार हाय ह्यो, भाकरी नाय तोडायची कशीपन!" आणि खाली बसलेल्यांमध्ये एक मोठी पाठ होती, पांढऱ्या सदऱ्याची. ती पाठ म्हणाली, "बाई, मला नाही समजलं, परत सांगा." पोरं खदाखदा हसली. गंगाने परत सांगितलं.

ती पाठ तुझी होती.

एका बारक्याने गोणपाटावरच केलं. एक मुलगी उठली, फडकं आणलं, पुसलं, हात धुवून जागेवर जाऊन बसली. कुणी तिला सांगितलं नाही. तू मान वर करून बघितलंही नाहीस.

मी शांत व्हायची वाट बघत उभा होतो. शांत झालंच नाही. मी सांगितलेलं काहीही त्या खोलीत नव्हतं. रांगा नाहीत, गप्प कुणी नाही, तू हात वर केला नाहीस, तूही ओरडत होतास आणि वर हसत होतास. तो वर्ग होता की बाजार, मला कळलं नाही. आत यायचं, तर आलो कशासाठी ते सांगावं लागलं असतं. सगळ्या पोरांसमोर तू उठून उभा राहिला असतास, "आजा, तुम्ही?" म्हणाला असतास, आणि मी काय म्हणणार होतो, मस्कत? मी भिजलेल्या अंगाने मागे फिरलो. डबा उघडलासुद्धा नाही.

खाली येताना एका घराच्या पडवीत एक म्हातारा विळ्याला धार लावत बसला होता. पाणी मागितलं. बोलताबोलता कळलं की हेच तुझे आप्पा. मी कोण ते सांगितलं नाही. म्हटलं, चिपळूणचा आहे, कॉलनीत पाहुण्याकडे आलो होतो. विचारलं, "तुमच्या शाळेत नवा मास्तर आलाय म्हणे. कसा आहे?"

"मास्तर? येडा हाय," आप्पा म्हणाले. "पोरांबरोबर भुईवर बसतो. आमच्या वेळचे मास्तर कसे, खुर्ची सोडायचे नायत. ह्यो आमच्या गंगीच्या बापाच्या शेतात आला, पँट वर करून. लावणी करतो म्हनाला. भाताची चार आवं लावली आन् चारी आडवी पडली. सगळ्या बाया हसून हसून मेल्या."

"मग शिकवत नसेल नीट," मी म्हटलं.

"ते आमाला काय कळतंय? पन एक सांगतो पाव्हणं, त्यानं माजं नुकसान केलंय. पोरं घरी ऱ्हायना झालीत. आता बेणणीला पोरीला हाक मारली तर म्हनते, आज माजी पाळी हाय, मला शिकवायचंय. शेतात गवत माजलंय माज्या." मग म्हणाले, "त्यानं गेलेलं बरं. पन पोरं काय त्याला सोडायची नायत."

मी सगळ्या वाटेने या बोलण्याचा विचार करत आलो. ते तुझी तक्रार करत होते की कौतुक? त्यानं गेलेलं बरं म्हणाले, हे खरं. पण तसं म्हणताना त्यांनी विळा खाली ठेवला होता.

घरी आलो. तुझ्या आईने विचारलं, "डोळ्यांचं काय म्हणाले?" मी म्हटलं, "नीट दिसत नाही म्हणाले." ती म्हणाली, "ता तर आम्हीपण सांगितला असता, त्याला चिपळूण कशाला?"

आता काल काय झालं ते. काल जुम्म्याच्या नमाजानंतर नझीरचा फोन आला. तुझी आई शेजारी उभी. नझीर म्हणाला, "अब्बा, मालक विचारतोय. काय म्हणतो फैझान?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "येत नाही म्हणतो."

मी ठरवलं नव्हतं. खरंच. मी म्हणणार होतो, अजून पत्र नाही. नझीर म्हणाला, "त्याने तसं सांगितलं?"

मी म्हटलं, "हो."

"अब्बा, इथे त्या जागेसाठी माणसं दारात उभी आहेत. दीड महिना मी मालकासमोर हात जोडतोय."

"हो, त्याला सांगितलं ते."

"आणि तरी नाही म्हणाला?"

"तरी नाही म्हणाला."

फैझान, मी तुझ्या नावाने बोललो. तुला न विचारता. तुला ती जागा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, आणि मी तुझ्या वतीने ती नाकारून बसलो. नझीर म्हणाला, आणखी एक आठवडा मालकाला थांबवून ठेवतो, पुढच्या शुक्रवारी शेवटचं विचारीन, तेव्हा हो म्हणाला तर ठीक, नाहीतर दुसऱ्याला देतील. फोन ठेवताना त्याने मला सलाम केला नाही. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

तुझी आई कालपासून रागात आहे. माझ्यावर तिचा राग नाही. तुझ्यावर आहे. स्वयंपाकघरात भांडी आपटते आणि स्वतःशी म्हणते, "बापाने एवढा केला आणि पोरगा दोन ओळी लिहून मोकळा झाला." तुझं कार्ड मला बाहेर मिळालं आणि पावसात भिजून फाटलं, असं मी तिला सांगितलं आहे. तू लिहिलेल्या नाहीत अशा ओळींसाठी तू घरात वाईट झालास. मी समोर बसून ऐकतो आणि तोंड उघडत नाही. तोंड उघडलं तर नझीरला लगेच कळेल, आणि मग तो तुला थेट बोलावील, आणि तू बापाचं ऐकशील. म्हणून मी गप्प आहे. हे मी तुझ्यासाठी करतोय की माझ्यासाठी, ते मला काल कळत होतं असं वाटत होतं. आज कळत नाही.

तूच जुलैत लिहिलं होतंस, जमत नाही. त्यानंतर तू राहतो असं कुठे लिहिलं नाहीस, जातो असंही नाही. मी जे उत्तर दिलं ते एका खिडकीतून, तुझ्या पाठीकडे बघून दिलं. मला वर्गातलं काही कळत नाही. तुला काय करायला सांगितलं आणि त्याचं काय झालं, हे तू बघितलंस. तो आवाज कदाचित नुसता गोंधळच असेल. तू हसत होतास ते कदाचित रडू येऊ नये म्हणून असेल. पाठीवरून काय समजतं माणसाला?

आता तुला करायचं ते सांगतो, आणि या वेळी सल्ला देत नाही. हे पत्र टपालात अडकू नये म्हणून गाडीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतोय, सोमवारपर्यंत तुला मिळेल. येत्या गुरुवारी नारळी पौर्णिमा आहे, तुला सुट्टी असेल. मस्कतला जावंसं वाटत असेल तर गुरुवारी घरी ये. शुक्रवारी फोन वाजला की तू उचल आणि बापाला सांग, आजा खोटं बोलला, मला कुणी विचारलंच नव्हतं. मी शेजारी बसलेला असेन. नाकारणार नाही. तुझ्या शाळेबद्दल एक अक्षर काढणार नाही, पेटी बांधायला मदत करीन.

जायचं नसेल तर येऊ नकोस. शुक्रवारी फोन मी घेईन. दोघांना, नझीरला आणि तुझ्या आईला, खरं सांगेन, की पोराने नकार दिलाच नव्हता, तो मी दिला. आणि मग पोराला सगळं कळवलं, तर तो आला नाही. त्यांना जे बोलायचं ते मला बोलू दे. माझं वय झालं, किती दिवस बोलतील?

गुरुवारी संध्याकाळी मी स्टँडवर जाणार आहे. घरात मला बसवणार नाही. चिपळूणची गाडी लागली की बाकावरून उठून दाराशी उभा राहीन. जूनपासून तुझं तोंड बघितलं नाही, तुझी पाठ तेवढी बघितली. गाडीतून माणसं उतरायला लागली की मी तुझं तोंड शोधीन, आणि ते दिसू नये म्हणून दुआ मागत असेन. अशी दुआ कबूल होते का, हे मौलवींना विचारायला मला लाज वाटली.

तुझी वाट बघणारा, आणि तू येऊ नयेस म्हणणारा,
तुझा आजा